टीं वाजलं म्हणजे नोंद झाली असं नाही

निवृत्त झालो, गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत गेलो आणि पहिल्याच बैठकीत सगळी पुस्तकं संगणकावर चढवायचं काम अंगावर घेऊन बसलो. बँकेत ३१ वर्षं नंबर पॅड बडवलाय, स्कॅनर हवाय कशाला, असंही बोलून गेलो. ग्रंथपाल बाईंनी खोक्यात पडून असलेला स्कॅनर मुकाट्यानं टेबलावर ठेवला.

दोन दिवस मी हट्टानं हातानंच आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेले तेरा आकडी ओळख क्रमांक, टाकले. त्याचा तेरावा आकडा पहारेकरी असतो. आधीचे बारा आकडे आळीपाळीनं १ आणि ३ नं गुणायचे, बेरीज करायची, ती दहाच्या पटीत न्यायला जो आकडा लागेल तो तेरावा. एक आकडा चुकला तर हा हमखास ओरडतो. शेजारचे दोन उलटे पडले तरी बहुतेकदा ओरडतो. पण त्या दोघांत ५ चा फरक असला, म्हणजे २७ चे ७२ झाले, तर गप्प बसतो. बँकेत मेळ बसला नाही आणि फरकाला ९ नं भाग गेला की आम्ही आधी उलटे आकडे शोधायचो. इथे मेळ घालायला समोर दुसरी वहीच नाही. तिसऱ्या दिवशी मान खाली घालून स्कॅनर जोडला.

तेव्हा कळलं की संगणकाच्या लेखी स्कॅनर म्हणजे नुसता एक कीबोर्ड. रेघा वाचतो, आकडे ‘टाइप’ करतो आणि शेवटी स्वतःच एंटर मारतो. त्या एंटरनं आमचा फॉर्म शीर्षक, लेखक भरायच्या आतच सेव्ह व्हायचा. स्कॅनरसोबतच्या पुस्तिकेत सेटिंगचे बारकोड असतात. त्यातला एक वाचायला दिला, एंटरच्या जागी पुढच्या रकान्यात नेणारा टॅब आला, प्रश्न मिटला.

पुढची गंमत मात्र महागात पडली. एका संध्याकाळी बाई म्हणाल्या, ‘काका, सकाळी चढवलेलं पुस्तक सापडतच नाहीये.’ पडद्यावर तर नंबर स्वच्छ दिसत होता. जरा जास्तच स्वच्छ, कारण तो देवनागरीत होता! शीर्षकं टाइप करायला मी कीबोर्ड इनस्क्रिप्ट या मराठी कळरचनेवर ठेवला होता. स्कॅनर फक्त कुठली कळ दाबली ते सांगतो, तिचं अक्षर कुठलं हे संगणक ठरवतो. रकाना मजकुराचा असल्यामुळे डेटाबेसनं हूं की चूं केलं नाही. शोधताना मात्र इंग्रजी आकडे टाकले की उत्तर शून्य. अशी ४३ पुस्तकं निघाली. प्रत्येक वेळी स्कॅनरचं टीं वाजलेलं, बरं का.

मग एका कादंबरीच्या पाच प्रती आल्या. पहिली गेली, दुसरीला ‘ही नोंद आधीच आहे’. प्रोग्रॅम बसवून देणाऱ्या मुलानं आयएसबीएनलाच मुख्य ओळख केलं होतं. पण तो नंबर आवृत्तीचा असतो, प्रतीचा नाही. फाटलेली तिसरी प्रत कुणाकडे आहे ते त्याला काय ठाऊक? शिवाय आमची निम्मी पुस्तकं आयएसबीएन यायच्या आधीची. बाईंच्या जाडजूड नोंदवहीत मात्र प्रत्येक प्रतीला वेगळा दाखल क्रमांक होताच, पार पहिल्या पुस्तकापासून. तोच मुख्य केला, त्याचे बारकोड छापले आणि आतल्या पानावर चिकटवले. मी हौसेनं वरून चकचकीत टेप लावली होती. तिच्यावर ट्यूबलाइट चमकते आणि स्कॅनर आंधळा होतो. दोनशे टेपा नखानं सोलल्या.

आता नाटकांचं कपाट काढलंय. त्यातल्या बऱ्याच पुस्तकांना बारकोड सोडा, मुखपृष्ठच नाही. बाईंनी डिंकाची बाटली आणून ठेवली आहे.