"ओरडतोयच की मी!"

दोन वर्षं आई बाबांना "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता?" म्हणत होती आणि बाबा तिलाच कान तपासून घे म्हणून सांगत होते. शेवटी तिचे कान तपासले. ठणठणीत! बाबांचा पार्किन्सन तोवर चार वर्षांचा झाला होता. गोळ्यांनी हाताची थरथर कमी झाली होती, पण आवाजाला त्या गोळ्या तेवढ्या लागू पडतीलच असं नसतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

न्यूरोलॉजिस्टनी स्पीच थेरपीची चिठ्ठी दिली. इथवर सगळं सरळ. मग हॉस्पिटलातली ती नावनोंदणीची खिडकी.

जाड काच, खाली चार बोटांची फट, डोक्यावर खडखडणारा पंखा. आतल्या माणसाचा हट्ट, की नाव-पत्ता पेशंटनंच सांगायचा. बाबांनी सांगितला. "मोठ्याने बोला काका." पुन्हा सांगितला. 'कोथरूड'मधला क उमटेचना. क म्हणताना जीभ मागे टेकून हवा क्षणभर पूर्ण अडवावी लागते. बाबांची जीभ अर्ध्यावरच थांबायची आणि ऐकणाऱ्याला नुसती फुसफुस ऐकू यायची. मागून रांग कुरकुरायला लागली. तिसऱ्यांदा बाबा चिडले, "ओरडतोयच की मी!" आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी बोलायला गेले तर "तुम्ही थांबा." ज्याला बोलता येत नाही म्हणून आणलंय, त्याच्याकडूनच तोंडी पत्ता हवा!

मग "आधी कान-नाक-घशाचा कागद आणा." त्यात तीन आठवडे गेले. दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहिलं, गाठबीठ काही नाही. कागद घेऊन परत गेलो तर नवीनच अडचण. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास, असे चार आठवडे यायला हवं. खिडकीवरच्या रजिस्टरात मात्र एका पेशंटला आठवड्याला एकच रकाना! चार हेलपाटे घातले. शेवटी बाईंनी स्वतः येऊन लाल पेनानं सोळा तारखा लिहिल्या, तेव्हा सुटलो. (अजून त्या रस्त्याने गेले की माझं डोकं फिरतं.)

थेरपीची ही चार आठवड्यांची पद्धत १९८७ साली अमेरिकेत सुरू झाली. ली सिल्व्हरमन नावाच्या पार्किन्सन झालेल्या बाईंचं नाव तिला दिलंय. सगळा भर एकाच गोष्टीवर, मोठ्याने बोलणं. कारण बिघाड नुसता घशात नसतो, स्वतःच्या आवाजाचं मापही चुकलेलं असतं. पहिल्या दिवशी थेरपिस्ट बाईंनी बाबांना त्यांचंच रेकॉर्डिंग ऐकवलं. "मोबाईलची बॅटरी उतरलीय का?" बाबांनी विचारलं. पटायला आठवडा लागला. त्यांना 'ओरडल्यासारखं' वाटतं, तेव्हा आम्हाला ते नेहमीसारखं बोलणं वाटतं.

जाणार असाल तर तास गोळीचा असर असताना घ्या. आमचे पहिले दोन सकाळी लवकरचे होते, वाया गेले. घरी "आ" लांबवायचा सराव रोज हवा, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. पत्ता मोठ्या अक्षरात कागदावर लिहून न्या, खिडकीसाठी.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं, गिळताना त्रास होत असेल तर तोही थेरपिस्टनाच सांगा, तेही काम त्यांचंच. ताक पिताना बाबांना ठसका लागायचा आणि आम्ही वर्षभर "कोणीतरी आठवण काढतंय" म्हणून हसत होतो.