सहा पगारस्लिपा आणि एक हायब्रिड

मी मूळचा मालवणचा. आमच्याकडे गरवायला जायचं म्हणजे तंगूस, गरी आणि खिशात चार कोलंब्या. इथे टेक्सासात मला त्यासाठी सहा पगारस्लिपा, गाडीची नोंदणी आणि आयकराचं रिटर्न घेऊन जावं लागलं. अजून आठवलं की डोकं तापतं.

झालं असं. ऑफिसातल्या एकाने डॅलसच्या पूर्वेला लेक टवाकोनीत धरलेल्या 'हायब्रिड'चा फोटो दाखवला. स्ट्राइप्ड बास आणि व्हाइट बास या दोन माशांचा हा संकर १९६०च्या दशकात साउथ कॅरोलायनात पहिल्यांदा तयार केला. तलावात त्याची वीण स्वतःहून टिकत नाही, म्हणून सरकारी हॅचरीतली पिल्लं सोडतात. चंदेरी, पाठीशी उंच, अंगावर तुटक काळे पट्टे. गळाला लागला की आडदांड ओढतो, असं तो म्हणाला. मला तेवढं पुरलं.

छडी, रीळ, चमचा-आमिष, सगळं एका संध्याकाळी घेतलं. त्याच दुकानाच्या काउंटरवर परवानाही मिळतो. टेक्सासच्या रहिवाशाला गोड्या पाण्याचा परवाना ३० डॉलरला, बाहेरच्याला ५८ला. मी नोव्हेंबरात न्यू जर्सीहून आलेलो, तेव्हा जुलै चालू होता. रहिवासी ठरायला इथे सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलेलं असावं लागतं. माझे आठ झाले होते. पण आम्हा एच-वन-बीवाल्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स व्हिसाच्या मुदतीला बांधलेलं. माझं मे महिन्यात नवं झालं आणि त्यावर तारीख मेची. काउंटरवरच्या मुलाने बोटांवर मोजलं. "दोनच महिने झालेत, सर. ५८ डॉलर."

२८ डॉलरसाठी एवढा आटापिटा कशाला, असं बायको म्हणाली. प्रश्न २८ डॉलरचा नव्हताच. मी इथे कर भरतो, वीज भरतो, आणि हा मला बाहेरचा म्हणतो!

दुसऱ्या दिवशी शेवटची सहा वीजबिलं नेली. बिलं बायकोच्या नावावर. "सर, हे तुम्ही नाही." बरोबरच होतं त्याचं, म्हणून जास्त राग आला. शिवाय एका कागदाने भागत नाही, तीन लागतात, हे त्याने तेव्हा सांगितलं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर? तिसऱ्या खेपेला स्लिपा, नोंदणी, रिटर्न, तिन्हींवर इथला पत्ता. काउंटरवर वेगळीच बाई होती. तिने वरचा कागद पाहिला न पाहिला आणि परवाना छापून दिला. माझा विजय नीट साजराही झाला नाही.

घरी येऊन वाचलं तर मुदत ३१ ऑगस्ट. इथलं परवान्याचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. जुलैत घेतलात तर जेमतेम सहा आठवडे. घेतल्या तारखेपासून वर्षभर चालणारा ४७ डॉलरचा परवानाही रहिवाशांना मिळतो, तो कुणी सांगत नाही. तुम्ही विचारा.

आणि कळस पुढेच. टवाकोनीच्या स्टेट पार्कात पहाटे गेलो, गेटवर प्रवेशशुल्क भरलं, परवाना ऐटीत पुढे केला. रेंजर म्हणाला, पार्कात काठावरून गरवायला परवाना लागतच नाही. (२००७मध्ये झाडंच्या झाडं झाकणारं कोळ्यांचं ते अवाढव्य जाळं याच पार्कातलं. त्या सकाळी मी त्यात अडकलेल्या माशीसारखाच उभा होतो.)

मासा म्हणाल तर उजाडताना मिळाला. पाण्यावर बगळे नव्हे, गल पक्षी कुठे घिरट्या घालतात ते बघा. खाली शॅड नावाची चिल्लर मासळी उसळत असते आणि तिच्यामागे हे लागलेले असतात. पहिला आला तो साधारण सोळा इंची. इथे घोटाळा होतो. व्हाइट बास दहा इंचांपुढचा ठेवता येतो, हायब्रिड मात्र अठरापुढचाच, तोही दिवसाला पाच. जिभेवर बोट फिरवा: खरखरीत दातांचा पट्टा एकच असेल तर व्हाइट, दोन असतील तर हायब्रिड. दोन होते. सोडला.

तासाभराने दुसरा लागला. रीळ किंचाळलं. छडी मी पोटाशी धरली होती आणि दोनदा वाटलं, गेला. शेपटी चिमटून मोजला, एकवीस.

हो, बर्फ आधी घेऊन जा, जुलैत मासा तासभरही टिकत नाही. आणि कापताना कातडीखालचा लाल पट्टा काढून टाका, त्याला उग्र वास असतो. मी अर्धा तसाच ठेवला आणि तिरफळं घालूनही बायकोच्या लगेच लक्षात आलं. दुसरा अर्धा नीट साफ करून रव्यात तळला, तो दोघांनी उभ्याउभ्याच संपवला.

नव्या वर्षाचे परवाने १५ ऑगस्टला सुटतात. पगारस्लिपा गाडीतच ठेवल्यात.