तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षा झाली, तरी जामीन?

ठाण्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करते, हे कळलं की लग्नकार्यातसुद्धा कोणीतरी विचारतंच, "कोर्टानेच दोषी ठरवलं ना? मग अपील केलं म्हणून जामीन कशाला?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा फिर्यादी असतो, आणि त्यात काही चुकीचं नाही.

पण अपील हा आरोपीला कायद्याने दिलेला हक्क आहे. मॅजिस्ट्रेटने दोन वर्षांची शिक्षा दिली आणि सेशन्समध्ये, म्हणजे सत्र न्यायालयात, अपील सुनावणीला यायलाच तीन वर्षं लागली, असं समजा. माणूस आत राहिला तर शिक्षा पूर्ण भोगून झाल्यावर त्याला निकाल मिळणार. निर्दोष ठरला, तर ती दोन वर्षं त्याला कोण परत देणार? उशीर कोर्टाचा, भोगायचं मात्र त्याने.

सर्वोच्च न्यायालयाने हेच 1977 साली काश्मिरा सिंग खटल्यात सांगितलं. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली की अपिलात जामीन द्यायचा नाही, असा तोवरचा शिरस्ता होता. न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलं की अपील पाच-सहा वर्षं ऐकता येणार नसेल तर तो शिरस्ता चालवता येत नाही. मला हे आजही पटतं.

आता जे फार थोड्यांना ठाऊक असतं ते. या जामिनाने शिक्षेतला एक दिवसही कमी होत नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 389, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतलं 430, त्यातच लिहिलंय की बाहेर काढलेला काळ शिक्षेत धरायचा नाही. अपील फेटाळलं की उरलेली शिक्षा भोगायला परत आत जावंच लागतं. दोषी हा शिक्का तर मधल्या काळातही पुसला जात नाही. या जामिनात स्थगिती मिळते ती फक्त शिक्षेच्या अंमलबजावणीला.

आणि हा जामीन मागितला की मिळाला, असंही नाही. खटला चालू असताना आरोपीला निर्दोष धरून चालतात. निकालानंतर ते कवच राहत नाही. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नसलेली शिक्षा ज्या गुन्ह्याला होऊ शकते, त्यात सरकारी वकिलांना लेखी कारणं मांडायची संधी द्यावीच लागते. न्यायाधीशांनाही कारणं लिहून ठेवावी लागतात. साक्षीदाराला धोका आहे असं दिसलं तर अर्ज नाकारला जातो, आणि नाकारलाच पाहिजे. फिर्यादीच्या घरच्यांनी ही भीती सरकारी वकिलांना वेळेवर सांगावी, असं मी त्यांना नेहमी सांगते.

मला खरी कळकळ आहे ती अर्जच न करणाऱ्यांची. खाडीकाठच्या जुन्या किल्ल्यातल्या ठाणे कारागृहात किंवा खारघरला तळोजा कारागृहात आपल्या माणसाला भेटायला येणाऱ्या कित्येक बायकांना वाटतं, निकाल लागला म्हणजे सगळं संपलं. शिक्षेविरुद्ध सेशन्सला अपील करायची मुदत 30 दिवस, हायकोर्टात 60. मुदत उलटली तरी योग्य कारण देऊन उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, फुकट वकील मिळायचा हक्क 1987 च्या कायद्याने दिलाय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. कैद्याला स्वतःलाही तुरुंग अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवता येतं, आणि त्याच्याबरोबर शिक्षा स्थगितीचा अर्जही जोडायला सांगा.