एमएस्सीचं प्रोजेक्ट, मिलिमीटरची पट्टी आणि कोलिस्टिनचा घोळ

मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करताना प्रोजेक्टला मी लघवीच्या इन्फेक्शनमधले ई. कोलाय घेतले, त्यांच्यावर कुठली अँटिबायोटिक्स अजून चालतात ते बघायचं, बास. एथिक्स कमिटीच्या परवानगीबद्दल न बोललेलंच बरं. एकदाचे आयसोलेट्स (पेशंटच्या नमुन्यांतून वेगळे केलेले जंतू) हातात आले, मॅकॉन्की अगारच्या प्लेटवर गुलाबी कॉलन्या उठल्या आणि खरं काम सुरू झालं.

पद्धत अशी, की अगारवर जंतू फासायचे, वर औषध भरलेल्या कागदी चकत्या म्हणजे डिस्क ठेवायच्या, आणि औषध चाललं तर डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ दिसतं, तो झोन. त्यासाठी म्युलर हिंटन अगार (जंतू वाढवायचं जेलीसारखं माध्यम) प्लेटमध्ये ४ मिमी जाडीचाच हवा. जाड झाला की झोन लहान येतो आणि चालणारं औषधसुद्धा फेल दिसतं, पातळ झाला की उलटं. आमचा ओटा एका बाजूला उतरता, मग लॅबमधले मामा प्लेटखाली कागदाची घडी सरकवायचे आणि "हां, ओता आता मॅडम" म्हणायचे. पुढे जंतूंचं कल्चर ०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापाला जुळवायचं, म्हणजे मिलीला साधारण १५ कोटी पेशी, आणि १५ मिनिटांच्या आत स्वॅब बुडवून, ट्यूबच्या कडेला दाबून, प्लेट फिरवत तीन दिशांनी फासायचं. डिस्कचं कार्ट्रिज फ्रीजमधून काढल्या काढल्या उघडायचं नाही हं, आधी रूम टेंपरेचरला येऊ द्यायचं नाहीतर आत पाणी धरतं आणि औषधाची वाट लागते, हे मला लॅबमधल्या पीएचडीवाल्या ताईने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, १६ ते १८ तासांनी, पट्टी घेऊन झोन मोजायचे. सिप्रोफ्लोक्सासिनला २६ मिमी किंवा जास्त आला तर सेन्सिटिव्ह, २१ किंवा कमी तर रेझिस्टंट. माझ्या बऱ्याच प्लेट्सवर डिस्कभोवती झोनच नाही, डिस्कला चिकटून ग्रोथ! सेफोटॅक्सिमचंही तेच, पण शेजारी क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडवाली सेफोटॅक्सिमची डिस्क ठेवली की तिथे मात्र मस्त गोल झोन. दोन्हीत ५ मिमी किंवा जास्त फरक म्हणजे ईएसबीएल, म्हणजे जंतू औषध तोडणारं एन्झाइम बनवतोय आणि क्लॅव्ह्युलॅनिक त्या एन्झाइमलाच अडकवतंय. हे पुस्तकात वाचलेलं, पण स्वतःच्या प्लेटवर बघितलं तेव्हा डोक्यात शिरलं.

रोजच्या बॅचबरोबर ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा कंट्रोल, म्हणजे ज्याचे झोन किती यायला हवेत ते आधीच ठरलेलं आहे असा जंतू, लावायचा, हा कंटाळा सगळ्यांना येतो. पण त्यानेच वाचवलं. डिस्कच्या एका लॉटमध्ये अमॉक्सिक्लॅवला (अमॉक्सिसिलिन अधिक क्लॅव्ह्युलॅनिक) कंट्रोलचा झोन १५ मिमी आला, यायला हवा १८ ते २४. डिस्क भर मे महिन्यात बर्फाशिवाय कुरिअरने आल्या होत्या, आणि क्लॅव्ह्युलॅनिक तसं नाजूकच. सप्लायर म्हणे "आमचा माल ओकेच असतो". सरांनी लॉट फेकायला लावला, नाहीतर मी अख्खा टेबल रेझिस्टंट लिहून मोकळी झाले असते.

सगळ्यात डोकं खाल्लं कोलिस्टिनने, म्हणजे बाकी काही चालेना की शेवटी काढतात त्या अँटिबायोटिकने. त्याचा रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरतच नाही, त्यामुळे साध्या डिस्कचा झोन बघून काही ठरवता येत नाही, ब्रॉथ मायक्रोडायल्युशन करावं लागतं, म्हणजे पातळ माध्यमात औषध कमी कमी करत कितीला जंतू वाढायचा थांबतो ते बघायचं. त्यातही सल्फेट सॉल्टची पावडर लागते. मेडिकलमध्ये मिळतं ते इंजेक्शन कोलिस्टिमेथेटचं, त्यातून कोलिस्टिन हळूहळू सुटतं, म्हणून त्यावर काढलेला एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण) फुकट. पावडर यायला इतका उशीर झाला की तो चॅप्टर सबमिशनच्या तोंडावर लिहिला.

व्हायवाला एक्स्टर्नलनी पहिलाच प्रश्न विचारला, कंट्रोलचे रीडिंग कुठेत? मी रजिस्टर पुढे केलं, त्यांनी पानं चाळली आणि डायरेक्ट कोलिस्टिनवर गेले.