तुम्ही विचारलंत म्हणून : पेटीचा कार्यक्रम कधी?

परवा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पुन्हा विचारलं, "तेरा वर्षं झाली की तुमच्या पेटीला. आता कार्यक्रम कधी?" तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत या प्रश्नाचं उत्तर मावत नाही. मी हसून वेळ मारून नेली. इथे मात्र जागा आहे.

बेचाळिसाव्या वर्षी पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकायला बसले. बँकेची नोकरी, डोंबिवलीहून रोजची लोकल आणि शनिवारी संध्याकाळी क्लास. पहिल्याच दिवशी मी हौसेनं पाचही बोटं पट्ट्यांवर ठेवली, तर सर म्हणाले, "ती उचल. आधी भाता." पुढचा महिनाभर डाव्या हातानं भाता आणि उजव्या हाताच्या एका बोटानं षड्ज, म्हणजे सा, बास. भाता परतताना सूर हलता कामा नये. तोवर मला भाता म्हणजे सायकलचा पंप वाटायचा. घरच्यांना तो महिना कसा गेला ते त्यांनाच विचारा. मग अलंकार आले, राग आले, गांधर्व मंडळाच्या संगीत परीक्षा प्रवेशिका पूर्णपर्यंत दिल्या आणि सोडल्या. ताल दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, लिहून दाखवण्यापेक्षा कोणाच्या तरी मागे बसून वाजवावं, असं वाटू लागलं होतं.

तशी संधी आयती आली. आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले आजोबा मुलाकडे नाशिकला राहायला गेले. "तुम्हाला येते ना?" एवढीच काय ती माझी निवड चाचणी. मंडळातल्याच एक ताई ख्यालही गातात, त्यांच्याबरोबरही बसू लागले.

त्यांची पट्टी काळी चार, म्हणजे त्यांचा सा पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर. एका कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर त्या यमन राग गाणार होत्या. तीन आठवडे आम्ही काळी चारमध्ये बसलो. यमनच्या सगळ्या जागा माझ्या बोटांत बसल्या होत्या, आणि आयत्या वेळी ताईंचा घसा बसला. माइक हातात घेता घेता त्या म्हणाल्या, "आज पांढरी पाच हं."

फक्त अर्धा सूर खाली. पण पेटीवर अर्धा सूर म्हणजे सगळं घर उलटं. काळी चारच्या यमनात सा, रे आणि प काळ्यावर आणि बाकी सगळे पांढऱ्यावर. पांढरी पाचला सा, रे, ग, प, ध पांढऱ्यावर येतात, आणि जे दोन स्वर यमनला यमन करतात, ते तीव्र मध्यम आणि निषाद, नेमके काळ्यावर जातात. स्केलचेंजर पेटी असती तर एक खटका सरकवून सुटले असते, माझी साधी. दोनदा बोट चुकलं. तिसऱ्यांदा मी घाबरून हात आखडता घेतला आणि सा आणि प तेवढे धरून बसले. मधूनच त्यांच्या समेवर एखादा स्वर. अर्धा तास असाच काढला.

खाली उतरताना एक जण म्हणाले, "आज पेटी ऐकूच आली नाही." आणि ताई मसाला दुधाचा पेला हातात देत म्हणाल्या, "आज किती छान वाजवलंत! गंधाराला काय जागा मिळाली मला."

गंधार म्हणजे आपला ग. मला वाटलं, बाई मनाची समजूत काढतायत. शनिवारी सरांना सगळं सांगितलं. ते हसले. "घरी तानपुरा लाव आणि नुसता गंधार वाजव. मग पेटी थांबव आणि ऐक."

ते करून पाहिलं. तुमच्याकडे पेटी असेल तर तुम्हीही करा. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून शुद्ध गंधार आपोआप उमटतो, कोणी न वाजवता. बाजारातल्या साध्या पेटीवरचा शुद्ध गंधार त्याच्याहून किंचित चढा असतो, अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या भागाइतका. कारण तिच्यातले बारा सूर समान अंतरावर बसवलेले, म्हणजे कुठल्याही पट्टीत चालवून घेता येईल असे. दोन्ही एकत्र वाजले की कानाला बारीक घासल्यासारखं होतं. तोवर दहा वर्षं मी तो घासता गंधार हौसेनं, जोरात, ताईंच्या गंधारावर ठेवत होते! कोजागिरीला तो वाजला नाही, म्हणून त्यांचा गंधार तानपुऱ्यात जाऊन बसला.

ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ मध्ये सैल झाली, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. तेव्हा फार राग आला होता. आता तेवढा येत नाही. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही, दरबारी रागातला झुलता कोमल गंधार नाही, हे पेटीवरचे आरोप खरेच आहेत. पण दरबारी पेटीवर बसवताना त्या गंधारापाशी बोट अडलं नसतं, तर तो झुलतो कसा हे मी कान देऊन कधी ऐकलं नसतं. पूर्वी मैफलीत मी तानांना मान डोलवायचे. आता पेटीवाल्याचा डावा हात बघते, आणि तो कुठला स्वर टाळतोय ते.

तर काका, कार्यक्रम. एकट्या पेटीनं मैफल रंगवणारे गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, तुळशीदास बोरकर होऊन गेले. माझा रोजचा रियाज चाळीस मिनिटांचा, तोही कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर. हा विनय नाही, हिशेब आहे. पण हिशेब जमला असता तरी मला वाटतं मी मागेच बसले असते. समोरचा पुढे कुठे जाणार हे अर्धा क्षण आधी कळावं, तरीही तिथे आधी जाऊन बसू नये, यात मला जी मजा येते ती एकटीनं वाजवताना आलेली नाही.

कार्तिकी एकादशीला देवळात आमचं भजन आहे, संध्याकाळी सहाला. भजनात टाळ असतात, पखवाज असतो, तिथे पेटी जोरातच वाजवावी लागते. तेव्हा त्या दिवशी तरी ऐकू येईल.