एच-वेव्ह आलीच नाही

जानेवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात कुणाच्या पायाला मुंग्या आल्या तरी घर धास्तावायचं. सिंहगड रस्ता, धायरी, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या पट्ट्यातून जीबीएसचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते त्या गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण दाखल होत होते. कुठे विहिरीच्या पाण्याची तपासणी चालली होती, कुठे टँकर उभे होते, आणि प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर 'पाणी उकळून प्या' फिरत होतं.

मी न्यूरॉलॉजिस्ट नाही. एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि तासांमधून वेळ मिळेल तसं मज्जातंतू आणि प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे रिफ्लेक्स, यांवर काम करते. आमच्या मजल्यावर रुग्ण येत नाहीत. येतात ते धडधाकट स्वयंसेवक: विद्यार्थी, कर्मचारी, त्यांची ओळखीची माणसं. त्या दिवशी आलेले तर आमच्याच विभागातले मामा होते. वर्षानुवर्षं प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडे आहे.

आमचा प्रयोग एच-रिफ्लेक्सचा. गुडघ्याच्या मागच्या खळगीत टिबियल नर्व्ह हा पायाचा मज्जातंतू कातडीच्या बराच जवळ येतो. तिथे इलेक्ट्रोड धरून एक मिलिसेकंदाचा हलका झटका द्यायचा आणि पोटरीतल्या सोलियस स्नायूवर काय उमटतं ते पाहायचं. झटका कमी असतो तेव्हा आधी चेततात ते स्नायूकडून मज्जारज्जूकडे जाणारे जाड संवेदी तंतू. संदेश वर जातो, मज्जारज्जूत एकच सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा, ओलांडून चालक पेशीला चेतवतो, आणि त्या पेशीचा आदेश खाली पोटरीत उतरतो. सुमारे दीड मीटरचा हा फेरा साधारण ३० मिलिसेकंदांत पुरा होतो आणि पडद्यावर लाट उठते. पॉल हॉफमन या जर्मन शास्त्रज्ञाने १९१० मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती एच-वेव्ह. झटका वाढवत नेला की चालक तंतू थेट चेततात आणि पाच-सहा मिलिसेकंदांतच आणखी एक लाट येते, ती एम-वेव्ह. एम मोठी होत जाते तशी एच आटत जाते. चालक तंतूंतून उलटा वर निघालेला आवेग खाली येणाऱ्या आवेगाला वाटेत गाठतो आणि दोन्ही तिथेच संपतात. कितीही वेळा पाहिलं तरी मला ही टक्कर पाहायला आवडते. जिवंत माणसाच्या मज्जारज्जूत काय चाललंय ते, त्याला जराही इजा न करता, आपल्यासमोर घडत असतं.

मी विद्यार्थिनी होते तेव्हा रिफ्लेक्स शिकायचा म्हणजे बेडूक. मेंदू निकामी केलेल्या बेडकाच्या मांडीवर सौम्य आम्लात बुडवलेला कागदाचा तुकडा ठेवला की तो पायाने झटकून टाकायचा. मज्जारज्जूही निकामी केला की काहीच नाही. स्नायूचं आकुंचन काजळी धरलेल्या ड्रमवर रेघांनी उतरायचं. आता बेडूक थांबले, थांबायलाच हवे होते, आणि मुलं ते प्रयोग संगणकावर पाहतात. पण पडद्यावरच्या बेडकाचा पाय दर वर्षी तितकाच उडतो. दोन माणसांच्या पोटऱ्या मात्र कधी सारख्या वागत नाहीत, आणि एकाच माणसाची पोटरीसुद्धा दोन दिवस सारखी वागेल असं नाही. आमचा अभ्यास नेमका यावरच होता. त्याच माणसाची एच-वेव्ह काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा घेतली तर किती बदलते?

मामांनी स्वयंसेवक व्हायचा हट्टच धरला होता. हाताखालच्या माणसावर दडपण येऊ नये म्हणून एथिक्स कमिटीच्या अटीप्रमाणे त्यांची संमती दुसऱ्या विभागातल्या प्राध्यापकांनी घेतली. डिसेंबरमधली त्यांची नोंद फार सुंदर होती. पन्नाशी उलटलेली असूनही दोन्ही पायांत टोकदार, स्वच्छ लाट, ३१ मिलिसेकंदांवर. 'माझा नंबर पहिला का?' असं त्यांनी तेव्हा विचारलं होतं आणि पीजी करणाऱ्या, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या, मुलीने खरंच त्यांचा आलेख नमुना म्हणून भिंतीवर लावला होता.

दुसऱ्या नोंदीसाठी त्या सकाळी ते आले, ते कठड्याला धरून. मी जिन्याच्या तोंडाशीच होते.

"काय हो मामा, गुडघा धरला का?"

"नाही मॅडम, पाय जरा जड वाटतायत. कालपासून मुंग्यापण आहेत तळव्याला. थंडीनं असतील."

ते धायरीला राहतात. पोट बिघडलं होतं का, असं मी विचारलं. दहा-बारा दिवसांपूर्वी घरात सगळ्यांनाच जुलाब झाले होते, दोन दिवसांत थांबलेही. मी त्यांना पालथं झोपवलं आणि पीजीला म्हटलं, रोजच्यासारखंच सगळं कर, घाई करू नकोस.

तिने कातडी स्पिरिटने पुसली, जेल लावली, इलेक्ट्रोड चिकटवले, हलक्या झटक्यापासून सुरुवात केली. रेघ सपाट. झटका वाढवला. एम-वेव्ह उठली, डिसेंबरइतकीच भक्कम. एचच्या जागी काही नाही. पुन्हा खाली येऊन एक-एक पायरी चढत वर. काही नाही.

"मॅडम, इलेक्ट्रोड सैल झाला असेल."

इलेक्ट्रोड सैल असता तर एमही आली नसती. तोच इलेक्ट्रोड, तोच स्नायू, तीच तार. एम-वेव्हने गुडघ्यापासून पोटरीपर्यंतची वाट सलामत असल्याची ग्वाही दिली होती. जे काही बिघडलं होतं ते गुडघ्याच्या वर.

तरी एकेक शक्यता खोडायची होती. पुण्यातली जानेवारीची सकाळ, पाय गार. थंडीत मज्जातंतूचा वेग खरंच घटतो, म्हणून आम्ही कातडी ३२ अंशांच्या वर ठेवतो. पाय शेकून पुन्हा पाहिलं. थंडीने लाट उशिरा येते, नाहीशी होत नाही, हे माहीत असूनही पाहिलं. मग दुसरा पाय. तिथेही तेच. मग जेंद्रासिकची युक्ती: दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगायचं, त्याने मज्जारज्जूतल्या चालक पेशी अधिक तयारीत येतात आणि दबलेला रिफ्लेक्स वर येतो. मामांनी दात आवळून बोटं ओढली. रेघ हलली नाही.

आणि इथे डिसेंबरच्या त्या नोंदीची किंमत कळली. साठीच्या पुढे पुष्कळ निरोगी माणसांत एच-वेव्ह मिळत नाही, काहींत त्याआधीही नाही. मामा त्या दिवशी पहिल्यांदाच आले असते तर 'मिळत नाही' एवढंच लिहून आम्हाला थांबावं लागलं असतं. पुस्तकातला सरासरी आकडा त्यांच्याबद्दल काहीच सांगू शकत नव्हता. भिंतीवर लावलेला त्यांचाच आलेख सांगत होता.

मी ड्रॉवरमधला हातोडा काढला. दोन्ही अँकल जर्क, म्हणजे घोट्यामागे ठोकल्यावर येणारे रिफ्लेक्स, नव्हते. गुडघ्याचे, म्हणजे नी जर्क, पुसटसे, तेही बोटं ओढायला लावल्यावर. उकिडवे बसलेले मामा हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठू शकले नाहीत, आणि ते पाहून त्यांचा चेहराच उतरला. तोवर त्यांना पाय फक्त जड वाटत होते. मग मी त्यांना एका दमात आकडे मोजायला सांगितले. जीबीएसमध्ये धोका पायांपेक्षा श्वासाच्या स्नायूंना जास्त, आणि हे मोजणं म्हणजे कोणत्याही यंत्राशिवाय करता येणारी त्यांची चाचणी आहे. वीसच्या आतच दम संपला तर काळजी. मामा तेहतीसपर्यंत गेले. गिळायला त्रास नव्हता, नाडी ठीक होती.

मी न्यूरॉलॉजीला फोन लावला. "रुग्ण आहे" एवढंच म्हटलं, स्वयंसेवक हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. मामा म्हणत होते, "संध्याकाळी जातो की, गाडी खाली लावलीय, घरी सांगून येतो." मी म्हटलं, "मामा, गाडी राहू दे. वहिनींना मी फोन करते. तुम्ही या खुर्चीतनं उठायचं नाही." व्हीलचेअर आली तेव्हा ते रडले. मी इतक्या वर्षांत त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं.

वॉर्डमध्ये एफ-वेव्ह, म्हणजे चालक तंतूंतूनच मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येणाऱ्या लाटा, तपासल्या; पायांत त्याही नव्हत्या. घोट्यापासचा सुरल हा संवेदी मज्जातंतू मात्र जवळजवळ नेहमीसारखा होता. जीबीएसच्या सुरुवातीला अशीच विसंगत चित्रं दिसतात. पाठीच्या कण्यातून मज्जातंतू बाहेर पडतात त्या मुळांशी रक्त आणि मज्जातंतू यांमधला अडसर विरळ असतो, त्यामुळे पहिला घाव बहुधा तिथे बसतो. हातापायांत मोजाल तर सगळं ठीक, पण मुळांतून जाऊन परत येणारे संदेश हरवलेले. म्हणून पहिल्या दिवसांत एच-वेव्हचं नसणं हा सर्वांत संवेदनशील पुरावा ठरतो. निदानाचा दुसरा पुरावा म्हणजे पाठीच्या पाण्यातलं वाढलेलं प्रथिन, पण ते वाढायला बऱ्याचदा आठवडा लागतो.

याच्या इतिहासातली एक गोष्ट मला नेहमी खटकते. १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांचं वर्णन केलं: पाय लुळे, रिफ्लेक्स गेलेले, पाठीच्या पाण्यात प्रथिन वाढलेलं पण पेशी वाढलेल्या नाहीत. गियां (आपण ज्याला गुइलेन म्हणतो तो), बारे आणि आंद्रे स्ट्रोल. त्या सैनिकांच्या रिफ्लेक्सचे आलेख स्ट्रोलने काढले होते. शरीरक्रियाशास्त्राचं काम त्याचं. आजाराच्या नावातून तोच गळला. मी वर्गात हा आजार शिकवते तेव्हा तिन्ही नावं घेते.

पुण्याच्या रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. कॅम्पिलोबॅक्टरचा डाव पेशीच्या पातळीवर उलगडला आहे. त्याच्या काही जातींच्या बाह्य आवरणावरच्या शर्करा आपल्या मज्जातंतूंच्या पडद्यातल्या जीएम-१ नावाच्या गँग्लिओसाइडसारख्याच, म्हणजे शर्करा जोडलेल्या स्निग्ध रेणूसारख्याच, दिसतात. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि तीच प्रतिपिंडं रॅनव्हिएरच्या गाठींवर जाऊन बसतात. मायलिन म्हणजे मज्जातंतूवरचं आवरण; त्याच्या दोन तुकड्यांमधल्या या उघड्या फटींत सोडियमच्या वाहिन्या दाटीने असतात, आवेग तिथूनच उड्या घेत पुढे जातो. प्रतिपिंडांमागोमाग रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षक प्रथिनं येतात, पडद्याला भोकं पाडतात, वाहिन्यांची मांडणी विस्कटते आणि आवेग थांबतो. दुसऱ्या तऱ्हेत मॅक्रोफेज या भक्षक पेशी मायलिनच सोलून काढतात. मामांच्या पुढच्या तपासण्यांवरून त्यांचा आजार या दुसऱ्या तऱ्हेचा ठरला.

आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचं शिरेतून दिलं जाणारं औषध, दुसऱ्या दिवशी सुरू झालं, पाच दिवसांचा कोर्स. स्टेरॉइडचा या आजारात उपयोग होत नाही, हे नातेवाइकांना पटवताना वॉर्डातल्या मुलांची दमछाक होत होती. उपचार सुरू झाले तरी मामांचे पाय पुढचे काही दिवस खालावतच गेले. ते उभे राहू शकत नव्हते, मग हातांची पकड सैल झाली. मी रोज जाऊन आकडे मोजून घ्यायचे. एकदा ते चोविसावर थांबले तेव्हा वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि मला काय बोलावं सुचेना. दुसऱ्या दिवशी सव्वीस झाले. व्हेंटिलेटर लागला नाही. उपचार लवकर सुरू झाले म्हणून की त्यांचा आजार मुळातच तेवढाच होता म्हणून, हे एका माणसावरून सांगता येत नाही, आणि कुणी तसं सांगू लागलं तर मी अडवते. त्याच वॉर्डात नळ्या घशात असलेली तरुण मुलं होती. फेब्रुवारीत शहर आणि आसपासच्या संशयितांचा आकडा २०० च्या वर गेला, काही जण दगावले.

आमच्याकडे दोन गोष्टी बदलल्या. स्वयंसेवकात अनपेक्षित काही आढळलं तर कुणाला, किती वेळात कळवायचं हे प्रोटोकॉलमध्ये आता लिहिलेलं आहे. पूर्वी ते आमच्या सद्‌बुद्धीवर सोडलेलं होतं. आणि संमतीपत्रात एक प्रश्न वाढला: असं काही सापडलं तर तुम्हाला सांगावं का? आजवर कुणी 'नको' लिहिलेलं नाही.

मामांची नोंद मूळ अभ्यासातून वगळावी लागली, कारण तो निरोगी माणसांचा आहे. पावसाळ्यात ते कामावर रुजू झाले तेव्हा चालत होते, जिनाही चढत होते, पण एच-वेव्ह नव्हती. रिफ्लेक्स ताकदीच्या मागून येतात, कधी येतच नाहीत. त्यांनी वेगळी संमती दिली आणि आम्ही पाहत राहिलो. दिवाळीनंतरच्या नोंदीत उजव्या पायात लाट परतली, डिसेंबरच्या निम्म्याहून लहान, आणि ३१ ऐवजी ३८ मिलिसेकंदांवर. नव्याने चढलेलं मायलिन पातळ असतं, त्याचे तुकडे आखूड असतात, गाठी जास्त पडतात, म्हणून आवेगाला वेळ लागतो. ते सात मिलिसेकंद किती भरून निघतात ते पाहायचं आहे. डाव्या पायात अजून काही नाही. पुढची नोंद मार्चमध्ये आहे, आणि ती तारीख मामांनीच विभागाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.