खेळणं नाही हो, मॉडेल आहे! (कस्टमचा माझा अनुभव)

लॅम्बोर्गिनी रेव्हेंटॉन ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 2007 ला फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये आलेली कार, गिऱ्हाइकांना फक्त 20 आणि एक कंपनीच्या म्युझियमला, किंमत टॅक्स सोडून 10 लाख युरो. इंजिन कंपनीच्याच मुर्सिएलागो गाडीचं व्ही12, पण अंग सगळं फायटर विमानासारखं कोनाकोनाचं आणि मॅट करडं. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात ती येणार तर 1:18 मॉडेलमध्येच (खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याएवढं), म्हणून परदेशातून मागवली. ऑर्डर, पेमेंट सगळं झटपट झालं.

मग कस्टममध्ये अडकली. पत्र आलं, बीआयएस (आयएसआय मार्क देणारी भारतीय मानक ब्युरो) सर्टिफिकेट द्या. का, तर विकणाऱ्याने कागदावर 'टॉय कार' लिहिलेलं! 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो, पण ते लायसन्स बनवणाऱ्या कारखान्याला मिळतं, एक पीस मागवणारा बडोद्याचा माणूस ते कुठून आणणार? फोन केला तर साहेब म्हणतात, गाडी आहे ना, छोटी आहे ना, मग खेळणंच. अहो, रेझिनची आहे, दारं उघडत नाहीत, वायपर केसाएवढा बारीक, पोराच्या हातात दिली तर दोन मिनिटांत तुकडे! मेलला उत्तर नाही, ट्रॅकिंगवर रोज तीच ओळ, आणि घरी आई विचारतेय, "आली का रे तुझी खेळण्यातली गाडी?" म्हणजे घरातूनच साहेबांना पाठिंबा.

शेवटी चाललं काय, तर खेळण्यांना हा मार्क सक्तीचा करणारा सरकारी आदेशच. त्यात खेळणं म्हणजे 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठीची वस्तू. मी तेच वाक्य पत्रात टाकलं, सोबत विकणाऱ्याच्या पेजवरचा बॉक्सचा फोटो, ज्यावर 'खेळणं नाही, 14 वर्षांवरील संग्राहकांसाठी' असं छापलंय, शिवाय बिल, आधार आणि बँकेची एंट्री. हे पहिल्याच पत्रासोबत द्या, मागतील तेव्हा देऊ म्हणत बसू नका. सुटली! ड्युटी पोस्टमनकाकांनी दारातच घेतली, बॉक्स फाडून परत चिकटवलेला, पण मागचा विंग शाबूत.

मागवायच्या आधीच विकणाऱ्याला 'कलेक्टर्स स्केल मॉडेल' लिहायला सांगा, म्हणजे 'टॉय कार'मुळे झाला तसा घोळ टळेल. आणि 'गिफ्ट' लिहून सुटेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, गिफ्टवरची ड्युटीची सूट 2019 च्या डिसेंबरातच गेली, राखीला ठेवलीय, रेव्हेंटॉनला नाही.